आबांना तळ दाखवायचा होता

लक्षद्वीपला जाऊन आल्यापासून लोक मला माशांबद्दल फारसं विचारत नाहीत. पहिला प्रश्न असतो, "म्हाताऱ्याला कशाला नेलंस?" दुसरा प्रश्न त्यांच्या ओठांवर असतो, पण ते विचारत नाहीत. नवरा जाऊन दोन वर्षं झाली नाहीत आणि सून सासऱ्याला घेऊन समुद्रात पोहायला जाते, हे काय, असा तो प्रश्न. दोन्हींचं उत्तर एकच आहे. ते सांगायला वेळ लागतो, म्हणून लिहून ठेवते आहे.

मी बारामतीच्या एका महाविद्यालयात ग्रंथपाल आहे. काटेवाडीच्या पुढे कालव्याला लागून आमची वस्ती आहे, तिथून रोज एस.टी.ने जाऊन-येऊन करते. घरात सासूबाई, सासरे आणि मी. सासऱ्यांना सगळा भाग आबा म्हणतो. त्यांच्या वडिलांपर्यंत आमच्या घरात मेंढरं होती. पाऊस सरला की कळप घेऊन निघायचं आणि पुढच्या पावसाच्या तोंडाला परत यायचं, असं पिढ्यान् पिढ्या चाललं होतं. कालव्याचं पाणी आलं, ऊस आला, मेंढरं गेली. आबांच्या वाट्याला थोडी जमीन आली आणि एक कसब त्यांनी स्वतः मिळवलं. ते विहिरीत बुडी मारतात.

ज्यांच्याकडे विहीर नाही त्यांच्यासाठी सांगते. मोटारीचा पाइप विहिरीच्या तळापर्यंत जातो आणि त्याच्या टोकाला एक झडप असते. तिला आमच्याकडे फुटवॉल म्हणतात. तिच्यात गाळ किंवा पाला अडकला की मोटार नुसती गुरगुरते, पाणी उचलत नाही. मग कुणीतरी खाली जाऊन ती झडप मोकळी करावी लागते. पाणी दोन परस असो की तीन. एक परस म्हणजे माणसाने उभं राहून हात वर केला की होते तेवढी उंची. बारामतीपासून इंदापूरपर्यंत मोटार बंद पडली की आबांना निरोप यायचा. ते लंगोट लावून, कमरेला पाना बांधून, एका दमात खाली जायचे. त्यांना विहिरी माणसांसारख्या माहीत आहेत. कुठली गाळाची, कुठलीच्या कपारीत साप, कुठलीत खालून गार झरा लागतो, हे ते बसल्या जागी सांगतात.

माझे पती दत्तात्रय लोणी देवकरला कारखान्यात होते. एके दिवशी कामावरच छातीत कळ आली आणि दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं. तेव्हा आबा इंदापूरच्या बाजूला एका विहिरीत होते. त्या दिवशी ते वर आले ते पुन्हा पाण्यात उतरले नाहीत. निरोप येत राहिले. आबा ओट्यावरूनच हात हलवायचे, "दुसरा बघा." असे एकोणीस महिने गेले.

वस्तीवर

त्या वर्षी पावसाळ्याच्या शेवटी ग्रंथालयात एका इंग्रजी मासिकाचे जुने अंक देणगी म्हणून आले. शिक्के मारता मारता एका अंकात समुद्राच्या तळाचे फोटो दिसले. प्रवाळ, त्यावरून फिरणारे निळे-पिवळे मासे. तो अंक मी पिशवीत टाकून घरी आणला. आबा ओट्यावर होते. अंक त्यांच्या मांडीवर ठेवून मी चहा करायला आत गेले. बाहेर आले तरी पान तेच होतं.

"ह्यो पाण्यातला हाय व्हय?"

"हो आबा. समुद्राच्या तळाचा आहे."

"वर किती पाणी आसंल?"

"दोन परस असेल."

"मग उजेड कुठनं आला?"

मी सांगितलं की तिथलं पाणी स्वच्छ असतं, ऊन थेट खालपर्यंत पोचतं. त्यांनी पान नाकाजवळ नेलं.

"आन् फोटू काढणाऱ्यानं डोळं उघडं ठिवलं व्हतं?"

मला हसू आलं. "डोळे मिटून फोटो कसा काढणार, आबा?"

"आमी कधी उघडलं न्हाय," ते म्हणाले.

मला वाटलं, चेष्टा करताहेत. पण ते खरं होतं. त्यांच्या वस्तादाने पहिल्याच दिवशी बजावलं होतं की विहिरीत डोळे मिटूनच जायचं. गाळ डोळ्यात गेला की हात डोळ्याकडे जातो, हात कामावरून सुटला की माणूस घाबरतो, आणि घाबरला की दम संपतो. तेव्हापासून चाळीस वर्षं आबांनी जे काही केलं ते हाताने चाचपून. पाण्याखालचं एकही दृश्य त्यांनी पाहिलेलं नव्हतं.

आतून सासूबाईंचा आवाज आला. "चाळीस वरसं डोळं झाकून धंदा केला ह्यांनी! आन् मला वाटायचं, खाली कायतरी बघून येत्यात."

"बघण्यासारखं काय असतंय विहिरीत? तुझी पडलेली कळशी?" आबा म्हणाले. एकोणीस महिन्यांत त्यांनी सासूबाईंना असं उलट उत्तर दिलेलं मला आठवत नव्हतं.

मी शांत स्वभावाची आहे, घाईने काही ठरवत नाही. पण त्या आठवड्यात मी एर्नाकुलमच्या पर्यटन कचेरीला पत्र पाठवलं. तिकडून छापील माहिती आणि अर्ज आले. कोचीहून जहाज निघतं, ते कल्पेनी नावाच्या लहानशा बेटावर नेतं आणि तिथल्या उथळ, शांत पाण्यात मास्क आणि नळी लावून तळ बघता येतो. त्याला स्नॉर्केलिंग म्हणतात. मी अर्ज आबांसमोर ठेवला. त्यांनी तो उलटसुलट करून पाहिला.

"येतो," शेवटी म्हणाले. "पण पाण्यात उतरायचा न्हाय, हे आत्ताच सांगतो. तू बघ आन् मला सांग."

मला पोहता येत नव्हतं. आणि मला त्यांना काही सांगायचं नव्हतं, दाखवायचं होतं. त्यांनी पाण्यात उतरावं एवढ्यासाठीच माझा सगळा खटाटोप होता. मी अर्जावर दोन नावं लिहिली.

इंदापूर

बेटावर जायला परवाना लागतो आणि परवान्याला जन्मतारीख. आबांचा जन्म कळपाबरोबर वाटेत कुठेतरी झालेला. "दुष्काळाच्या आदल्या साली," एवढंच त्यांना ठाऊक. शेवटी आठवलं की ते इंदापूर तालुक्यातल्या एका शाळेत दुसरीपर्यंत गेले होते. आम्ही एस.टी.ने तिथे गेलो.

मुख्याध्यापकांनी जुनं रजिस्टर काढलं. तारीख सापडली, एक जून. त्या पानावरच्या निम्म्या मुलांची तारीख एक जूनच होती. आईबापांना तारीख सांगता आली नाही की तेव्हाचे गुरुजी सरसकट तीच लिहीत.

"म्हंजी आमी समदे एकाच दिशी जलमलो?" आबा म्हणाले. "दाई दमली आसंल."

मुख्याध्यापक मोठ्याने हसले. पण वर्षाच्या हिशोबाने आबांचं वय चौसष्ट निघालं. "मास्तरनं अंदाजानंच लिवलंय," आबा कुरकुरले. "मी इतका न्हाय."

परतताना फाट्यापर्यंत चालत यायचं होतं. उसाच्या फडांमधून वाट जात होती. एका विहिरीशी आबा थांबले. नवं दगडी बांधकाम, बाजूला मोटारीची खोली. मी विचारायच्या आतच त्यांनी सांगितलं, "हीच ती."

काठावर बसून ते बोलले, मला नव्हे तर विहिरीला सांगितल्यासारखे. बुडी मारणाऱ्याच्या कमरेला दोरी असते, दुसरं टोक वरच्या माणसाच्या हातात. एक हिसका म्हणजे वर ये. त्या दिवशी निरोप्या आला तेव्हा आबा खाली होते. दम घ्यायला ते दोनदा वर आले, दोनदा पुन्हा खाली गेले. काठावरच्या सगळ्यांना तोवर कळलेलं होतं. कुणी दोरी ओढली नाही. कुणाच्या तोंडून शब्द निघेना. काम संपवून आबा झडपेतला पाला हातात घेऊन हसत वर आले, म्हणाले, "घ्या, चालू करा मोटार." आणि कुणी मोटार चालू केली नाही.

"माझा पोरगा गेला आन् मी खाली डोळं झाकून पाना फिरवत व्हतो," आबा म्हणाले. "खाली कायबी ऐकू येत न्हाय, पोरी."

मी त्यांच्या शेजारी बसले. आमच्या दोघांचं दुःख एकाच माणसाचं होतं, पण आजवर आम्ही ते वेगवेगळ्या खोल्यांत केलं होतं. त्या दिवशी आमची शेवटची एस.टी. चुकता चुकता राहिली.

आमची विहीर

अर्जात "पोहता येते काय?" असा रकाना होता. मी "होय" लिहिलं आणि मग शिकायला लागले.

शिकवणार आबाच. पण काठावरून. पाठीला प्लॅस्टिकचा रिकामा कॅन बांधला, कमरेला दोरी बांधली आणि दोरीचं टोक त्यांनी धरलं. वस्तीवर चाळीस पोरं त्यांनी अशीच पोहायला शिकवली होती. बाई मात्र पहिलीच, तीही अडतीस वर्षांची.

पहिल्या दिवशी मी पंजाबी ड्रेस घालून उतरले. सलवारीत हवा भरली आणि दोन्ही पाय फुग्यांसारखे वर आले, डोकं खाली. आबांनी ओढून पायरीशी आणलं. मी खोकत होते. सासूबाई वरून म्हणाल्या, "आगं, ती चड्डी काढून ठेव. माझं लुगडं घाल, काष्टा मारून. पाय मोकळं ऱ्हात्यात." त्यांनी आपलं जुनं नऊवारी आणलं, स्वतः नेसवलं. त्यांचं म्हणणं सोळा आणे खरं होतं. काष्ट्यात पाय मोकळे चालतात आणि काही वर तरंगत नाही.

कुणीतरी बाई बांधावरून जाताना म्हणाली, "काय बाई, सुनंला विहिरीत ढकलताय का काय?"

सासूबाईंनी मान वळवली नाही. "आमची सून समुद्रात चाललीय. तुजी जाती का बघ, आठवड्याच्या बाजाराला तरी."

मास्क आणि नळी मी पुण्याहून आणली होती. तिचा सराव जनावरांच्या हौदात केला, कारण विहिरीत ते लावून मला भीती वाटायची. हौदात तोंड घालून नळीतून श्वास घेत मी वाकून उभी राहायचे आणि दोन शेळ्या शेजारी पाणी प्यायच्या. आबा ओट्यावरून मिनिटं मोजत. पहिल्यांदा अर्धा मिनिट, महिन्याभराने दहा.

डिसेंबरच्या मध्याला मी कॅनशिवाय विहिरीला वळसा घातला. त्यातच एकदा नाकात पाणी गेलं, मी गटांगळी खाल्ली. मला आशा वाटली, खोटं कशाला सांगू, की आबा आता उडी टाकतील. त्यांनी टाकली नाही. दोरीने मला अलगद ओढून घेतलं आणि म्हणाले, "घाबरलीस की हात तोंडाकडं नेतीस. हात पाण्यात ठेव." मग थोड्या वेळाने, "बाकी, झ्याक पवतीस." ही पदवी मला माझ्या एम.ए.पेक्षा मोठी वाटते.

जहाजावर

जानेवारीत बारामतीहून शटलने दौंड, तिथून कन्याकुमारीला जाणारी गाडी. सासूबाईंनी दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि लसणाची चटणी एवढी दिली होती की आमच्या डब्यातल्या मल्याळी कुटुंबाने दोन दिवस आमच्याकडेच जेवण केलं आणि आम्ही त्यांची केळी खाल्ली.

कोचीला जहाजावर चढल्यावर आबांच्या पिशवीतून टॉवेल काढताना माझ्या हाताला काहीतरी गोल, टणक लागलं. नारळ. शेंडी ठेवलेला, बारामतीच्या बाजारातला. मी पिशवी तशीच बंद केली. नव्या विहिरीत पहिल्यांदा उतरण्याआधी आबा पाण्याला नारळ देतात. नुसतं काठावर बसायला येणारा माणूस नारळ घेऊन येत नाही. त्या रात्री बर्थवर मला झोप लागली नाही आणि तो दोष समुद्राचा नव्हता.

कल्पेनी, पहिला दिवस

जहाज बेटापासून दूर थांबतं. प्रवाळाचा कडा बेटाभोवती कुंपणासारखा आहे, मोठं जहाज आत जाऊ शकत नाही. लहान होडी जहाजाला चिकटते, लाटेबरोबर वर-खाली होते, आणि ती वर आली की आपण तिच्यात पाऊल टाकायचं. पुण्यामुंबईचे प्रवासी ओरडत होते. आबांनी धोतर खोचलं, दोन लाटा जाऊ दिल्या, तिसरीला सहज पाऊल टाकलं. खलाशाने पाठीवर थाप मारली. मला फार बरं वाटलं.

कुंपणाच्या आत पाण्याचा रंग बदलतो. आमच्याकडे हिरवं पाणी म्हणजे शेवाळाचं. इथे हिरवं म्हणजे इतकं नितळ की होडीची सावली तळाच्या वाळूवर आमच्याबरोबर चालली होती. आबांनी ती सावली पाहिली आणि मग किनाऱ्यापर्यंत मान वर केली नाही.

किनाऱ्यावर शहाळी दिली. बेटावरची माणसं मुसलमान, बोलणं मृदू, घरं नारळीच्या गर्दीत. दुपारी भात, नारळातला मासा आणि नारळाच्या नीरेपासून केलेला काळसर गूळ. आबांनी गूळ जिभेवर ठेवला. उसाच्या मुलखातला माणूस, परीक्षा घेतल्यासारखा चेहरा. "आपल्या गुऱ्हाळाची सर न्हाय," म्हणाले. आणि आणखी एक खडा उचलला. मग आणखी एक.

दुपारनंतर पाण्यात नेणारा माणूस आला. त्याला सगळे कोया म्हणत. तिशीतला, काळासावळा, हिंदी तोडकं. कागद बघून त्याने माझा पुण्याचा मास्क तपासून परत दिला, नऊवारीकडे बघून अंगठा वर केला. आबांचा कागद बघून मात्र त्याने मान हलवली.

"चौसठ. साठ के ऊपर गहरे में नहीं. बाबा इधर, घुटने तक. जाकीट पहन के."

मी अवघडले. आबा तर उतरणारच नव्हते, मग वाद कशाला घालायचा? पण आबांचा चेहरा बदलला.

"काय म्हणतोय ह्यो?"

"म्हणतोय, तुम्ही गुडघाभर पाण्यात बसा. वय झालंय."

"गुडघाभर?" आबा उठले. "म्या उतरायचं न्हाय ठरवलंय ते माझं म्या. तू उतरू नको म्हणणारा ह्यो कोण?" मग कोयाकडे वळून हिंदीत, "ए भाऊ, हम चाळीस साल विहीर के अंदर काम किया! वो वय मास्तरने अंदाज से लिखा!"

कोयाला विहीर म्हणजे काय ते कळलं नाही, पण चाळीस साल कळलं. तो हसला आणि तरी मान हलवली. "कल सुबह देखेगा. पहले उथले में दिखाओ."

रात्रभर आबा कूस बदलत होते. पहाटे मी उठले तेव्हा ते पंचा कमरेला लावून, नारळ हातात घेऊन दारात उभे होते.

दुसरा दिवस

कोयाने नारळ पाहिला आणि पोट धरून हसला. त्याने चारी बाजूंच्या झाडांकडे हात केला. "बाबा, नारियल इधर लाया?"

आबा शांतपणे म्हणाले, "पोरी, त्याला सांग. हितला नारळ हितल्या पाण्याला काय नवा? पाव्हण्यानं आपल्या घरचं आणावं."

मी सांगितलं. कोयाचं हसणं थांबलं. त्याने नारळ हातात घेतला, वास घेतला, शेंडी बघितली. "ये केरला का है," म्हणाला. "वापस घर आया." आता आबा हसले. नारळ पाण्यात सोडला, हात जोडले, आणि मागे न बघता आत गेले. बावीस महिने झाले होते.

कमरेएवढ्या पाण्यात कोयाने त्यांना मास्क लावला, नळी तोंडात दिली. आबांनी नळी थुंकून टाकली. पाण्यात श्वास घ्यायचा हेच त्यांना पटेना. छाती भरून घेतली, उलटे झाले, पाय एकदाच हलले आणि ते पाण्यावरच्या उन्हाच्या चकाकीत दिसेनासे झाले. कोया मोजायला लागला. तीस. साठ. नव्वदला त्याने माझ्याकडे पाहिलं. मी त्याला हाताने थांब म्हटलं. मला माहीत होतं. शंभर झाल्यावर तो स्वतः बुडी मारायच्या बेतात होता, तेव्हा आबा दहा हात पलीकडे वर आले, धापही न टाकता.

कोया मल्याळममध्ये काहीतरी पुटपुटला. किनाऱ्यावरचे दोन कोळी उभे राहून बघू लागले. मी त्या वेळी जशी ताठ उभी होते तशी पदवीदान समारंभातही नव्हते.

"काय दिसलं, आबा?"

"खरबरीत हाय. एक गोल गड्डा, डोक्याएवढा. बाजूला फांद्या हायती, सांबरशिंगासारख्या. वाळू जाड, ज्वारीच्या कण्यांवानी."

"आबा, तुम्ही डोळे मिटले होते?"

मिटलेच होते. काचेच्या आत, नितळ पाण्यात, चाळीस वर्षांच्या सवयीने त्यांनी डोळे मिटून सगळा तळ हाताने चाचपला होता.

कोयाला ते कळल्यावर तो रागावला. खरंच रागावला. प्रवाळाला हात लावायचा नाही, तो जिवंत असतो, बोटाने मरतो, हे तो पुन्हा पुन्हा सांगू लागला. मी आबांना समजावलं.

"जित्ता हाय?" आबा ओशाळले. "मला दगड वाटला. सांग त्याला, चुकलं म्हनावं."

कोयाने त्यांचे दोन्ही हात धरून पाठीमागे नेले, एकात एक गुंतवले. "ऐसे. हाथ बंद. आँख खोलो." नळी पुन्हा तोंडात दिली आणि छातीखाली हात देऊन त्यांना पाण्यावर पालथं आडवं केलं.

मी शेजारी तरंगले. माझ्या खाली एक मोठा प्रवाळाचा माळ होता आणि त्यावरून मासे चालले होते. मी पुस्तकातून नावं पाठ करून आले होते, एकही आठवलं नाही. मी मान वळवून आबांकडे पाहिलं. काचेच्या आत त्यांचे डोळे मिटलेले होते. सुरकुत्या पडतील इतके घट्ट. हात पाठीशी, पाय ढिले. त्यांच्याकडे आता चाचपायला काहीच नव्हतं. मी त्यांना हलवलं नाही. हे त्यांचं त्यांनीच करायचं होतं.

मग मला आवाज ऐकू आला. खालून. कर्र, कर्र, थांबून पुन्हा कर्र. पोपटासारख्या चोचीचे हिरवे-निळे मासे प्रवाळ खरवडून खात होते, आणि तो आवाज पाण्यातून थेट कानात येत होता. आबांची मान किंचित वळली. ज्याचं बालपण कळपात गेलं त्याला तो आवाज सांगावा लागत नाही.

त्यांनी डोळे उघडले.

किती वेळ गेला ते मला सांगता येणार नाही. कोया दोनदा आमच्याभोवती फिरून गेला. आबा नळीतून श्वास घेत होते, अगदी सावकाश, आणि हात पाठीमागे तसेच गुंतलेले. वर आले तेव्हा त्यांनी मास्क काढला नाही. काचेच्या आत पाणी होतं आणि ते समुद्राचं नव्हतं.

"चरतंय, पोरी," ते म्हणाले. "खाली समदा कळप चरतोय. ऐकू येतंय."

"हो आबा. मलाही आलं."

"मला वाटायचं, खाली कायबी ऐकू येत न्हाय." मग म्हणाले, "त्या विहिरीत कुणी हाक मारलीच नव्हती. मारली आसती तर आली आसती ऐकायला."

मी त्यांचा हात धरला. मग ते पुन्हा पालथे झाले.

त्या दिवशी ते चार वेळा पाण्यात गेले. संध्याकाळी किनाऱ्यावर बसून त्यांनी मला मासे सांगितले, शेळ्यामेंढ्यांना ठेवतात त्या नावांनी. बांडा, कबरा, तोंडाला काळी पट्टी असलेला मोरा, कपाळावर ठिपका असलेला चांद्या. पिवळ्यांचा एक कळप तीन विसा आणि चार, म्हणजे चौसष्ट माशांचा होता, असं त्यांनी ठामपणे सांगितलं. मेंढपाळाची नजर, नुसती फिरवली की मोजून होतं. कोयाने विचारलं, हे काय म्हणताहेत. मी सांगितलं. त्याने वाळूत बसून ती सगळी नावं आबांकडून एकदा म्हणून घेतली. "चांद्या," तो म्हणाला, आणि आबांनी त्याचा उच्चार सुधारला.

निघताना कोयाने त्यांना अंदाजाने लिहिलेल्या वयाबद्दल सलाम केला. "बाबा चौसठ नहीं," म्हणाला. "चालीस."

परत

वस्तीवर आल्यावर पहिले आठ दिवस ओट्यावर बैठक भरायची. आबा सांगायचे आणि सासूबाई मध्येच म्हणायच्या, "आन् माझं लुगडं कसं दिसत व्हतं, ते सांगा की."

मी कामाला लागले. एका सोमवारी कॉलेजातून परतले तर ओट्यावर आबा नव्हते. दोरीवर त्यांचा पंचा वाळत होता, निथळून निथळून खाली मातीत डबकं झालेलं. सासूबाई चुलीपुढे होत्या.

"इंदापूरहून माणूस आलता फटफटीवर," त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या. "घिऊन गेला सकाळीच. आत्ता आल्यात, मागं बसल्यात पाय धूत."

आम्ही जेवायला बसलो. भाकरी मोडता मोडता आबाच म्हणाले, "आज डोळं उघडं ठिवलं व्हतं."

"मग? काय दिसलं?"

"कायबी न्हाय. नुस्ता हिरवा गाळ." त्यांनी घास तोंडात घातला, चावला, गिळला. "उद्या भिगवणला जायचंय. दोन विहिरी हायती."